नियमाखालचा अपवाद

जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकानं आपल्या दैनंदिनीत एक वेळ टिपून ठेवली आहे: २४ मे १७३८, रात्रीचे सुमारे पावणेनऊ. लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर एका छोट्या सभेत कुणी तरी धर्मसुधारक ल्यूथरनं बायबलातल्या एका पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं. ऐकता ऐकता वेस्लीच्या छातीत ऊब दाटून आली आणि ख्रिस्तानं आपली, अगदी आपलीसुद्धा, पापं उचलली याची त्याला खात्री पटली. घटका-पळं मोजणाऱ्या आपल्या जोशीबुवांनीही मान डोलवावी असा हा मुहूर्त. नगरकडच्या एका उपासनेत साक्ष द्यायला उठलेल्या एक आजी मला आठवतात. धाकट्या नातवाचा वाढदिवस त्यांना सांगता येईना, पण आपलं तारण झालं तो दिवस वारासकट तोंडपाठ होता, आणि त्या दिवशी चुलीवर काय शिजत होतं तेही. वेस्लीची दैनंदिनी मात्र जरा जास्तच प्रामाणिक आहे. हा खरा विश्वास असेल, तर मग आनंद कुठे आहे, अशी शंका त्याच संध्याकाळी त्याच्या मनात येऊन बसली. पावणेनऊला आलेल्या पाहुणीला धड टेकूही दिलं नाही.

या शंकेवरचा पक्का तोडगा त्याआधी शंभरावर वर्षं हॉलंडात निघाला होता. डॉर्ट गावी १६१८-१९ साली कॅल्व्हिनपंथी धर्मपंडितांची सभा महिनोन्महिने बसली आणि इतर गोष्टींबरोबर हेही ठरवून उठली, की देवानं ज्याला निवडलं त्याला तो शेवटपर्यंत धरून ठेवतो. माणूस घसरेल, ठेचकाळेल, रुसून लांब जाऊन बसेल. पण हात सुटणार नाही, कारण धरणारा हात माणसाचा नाहीच. वेस्लीला हे कधी मान्य झालं नाही, आणि त्या सभेची बाकीची कलमं मलाही अंगावर येतात. हे एक कलम मात्र फार मायेचं वाटतं. व्याकरणाच्या पुस्तकात प्रत्येक नियमाखाली बारीक अक्षरांत अपवाद छापलेले असतात. या नियमाखालची जागा कोरी होती. तिथे विल्यम कूपर नावाच्या कवीनं आपण होऊन आपलं नाव लिहिलं.

कूपर जन्मला १७३१ साली. स्वभावानं इतका भिडस्त, की हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या एका कारकुनीसाठी चारचौघांत तोंडी परीक्षा द्यायची या धास्तीनंच त्याचं मन कोसळलं. सेंट ऑल्बन्सच्या वेड्यांच्या इस्पितळात त्याला देव भेटला, आणि पुढे तो ओल्नी नावाच्या लहानशा गावात येऊन राहिला. तिथला उपदेशक होता जॉन न्यूटन, एके काळी गुलामांच्या जहाजाचा कप्तान. देव भेटल्यावरही न्यूटननं काही वर्षं ती जहाजं हाकलीच. तरी आपण तारलेले आहोत याविषयी त्याचं मन स्वस्थ होतं. ज्याच्या हातून उभ्या आयुष्यात मुंगीही दुखावली नसेल, त्या कूपरला मात्र १७७३ च्या सुरुवातीला एक स्वप्न पडलं, आणि जागा झाला तो आपला निकाल लागला हे ठरवूनच. गंमत अशी, की डॉर्टचा नियम त्यानं खोटा मानला नाही. देव कुणालाच सोडत नाही हे त्याला मान्यच होतं. देवानं सोडलेला तेवढा आपण एकटे. एवढी नम्रता आणि एवढा मोठा मान एकाच माणसानं मागून घेतल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

त्यानंतर तो देवळाची पायरी चढला नाही. जेवणाआधी घरातले प्रार्थना करू लागले, की हा सुरी-काटा हातात घेऊन बसून राही म्हणतात. त्यात उद्धटपणा नव्हता. ज्या घरचं आमंत्रण रद्द झालं तिथे पंगतीत घुसायचं नाही, एवढंच त्याचं सौजन्य. त्यानं आणि न्यूटननं मिळून लिहिलेली 'ओल्नी हिम्स' ही भक्तिगीतं १७७९ साली छापून आली आणि लोक कूपरची गीतं गाऊन धीर गोळा करू लागले, तेव्हा कवी घरी पाळलेल्या रानसशांत रमला होता. त्यांची खुराडीही त्यानं स्वतःच लाकूड तासून केली होती. पुस, टायनी आणि बेस. नावं बायकी असली तरी तिघेही नर, हा खुलासा त्यानं पुढे मासिकात लेख लिहून रीतसर केला. टायनी शेवटपर्यंत तुसडा राहिला, अंगाला हात लावला की गुरगुरून पुढचे पाय मारी. पुस एकदा आजारी पडला तेव्हा कूपरनं त्याची शुश्रूषा केली, आणि बरा झाल्यावर त्यानं कूपरचा हात मागच्या बाजूपासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत निगुतीनं चाटून काढला.

हाच पुस ऑगस्ट १७८० मध्ये एका रात्री जेवणाच्या वेळी जाळीच्या दोऱ्या कुरतडून पळाला. त्याच्यामागे बाप्ये, बायका, पोरं, कुत्री असं निम्मं ओल्नी धावलं. कातडी कमावणाऱ्याच्या आवारात तो भरल्या कुंडात पडला. कुणी तरी कान धरून त्याला वर ओढलं, अंगाचा चुना जावा म्हणून बादलीत खळबळून काढलं आणि दहाच्या सुमारास पोत्यात घालून घरी पोचवलं. या सगळ्याला चार शिलिंग पडले. त्यातली एक दमडीही आपल्याला जड वाटली नाही, असं कूपर लिहितो. लिहितो कुणाला, तर न्यूटनला. तो तेव्हा ओल्नी सोडून लंडनच्या एका चर्चमध्ये गेला होता आणि तिथे, निसटलेल्याला देव कसा परत आणतो, हेच सांगत असणार. कूपरनं त्याला पोतं, बादली, सशाचा दुखावलेला कान असं सगळं बैजवार कळवलं, आणि शेवटी जोडलं, की हे काही तुमच्या पत्राचं उत्तर नव्हे, पण आहे तसं पाठवतो.