गळतीतज्ज्ञ अप्पा

पाटबंधारे खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला गळती सहन होत नाही. नळाची नाही, गच्चीची नाही, सोसायटीच्या जमाखर्चाची तर नाहीच नाही. कोथरूडच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे अप्पा उपअभियंता म्हणून निवृत्त झाले, पण ते पगारापुरतेच. पार्किंगच्या भिंतीला ओल दिसली की अप्पा तिला चार बोटं लावतात, बोटं नाकाशी नेतात आणि "दुसरा मजला, डावीकडचं न्हाणीघर" असा निकाल देतात. निकाल बरोबर निघतो. लोक त्यांना टाळतात ते त्यामुळेच.

अशा माणसाच्या घरात, त्याच्याच आरामखुर्चीच्या गादीवर एक बोका नेमाने मुतू लागला.

अप्पा मुळात कुत्र्यांच्या पंथातले. घरात कोयना नावाची लॅब्रेडोर आणि रस्त्यावरून आणलेला भीमा. (नदीचं नाव असलं तरी भीमा नर आहे, हे अप्पा प्रत्येक पाहुण्याला सांगतात.) तिसरं कुत्रं आलं तर नाव काय ठेवाल, असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "पानशेत सोडून काहीही." पानशेत धरण फुटलं तो १२ जुलै १९६१ खात्यातला माणूस विसरत नाही. कुत्रा त्यांना आवडतो कारण त्याला हुद्दा कळतो. साहेब आले की तो उठतो, शेपूट हलवतो, बस म्हटलं की बसतो. मांजर साहेबाकडे बघतं आणि डोळे मिटून घेतं. अप्पांच्या मते ही सरळसरळ अवज्ञा आहे.

बोका आला तो मुलीमुळे. तिला जर्मनीत नोकरी लागली आणि "बाबा, फक्त घर मिळेपर्यंत" असं म्हणून ती त्याला ठेवून गेली. त्याचं नाव मफिन. ते नाव अप्पांच्या तोंडून कधी निघालं नाही. ते त्याला 'सदर बोका' म्हणतात. "सदर बोक्याने आज पुन्हा उशीवर विसर्ग सोडला," असं ते जिन्यात सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याला क्षणभर खडकवासल्याची बातमी वाटते.

खुर्चीनंतर इस्त्रीच्या कपड्यांची चळत झाली. मग न्हाणीघराबाहेरचं पायपुसणं, मग काकूंचा दिवाण. सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त भिजलं, तेव्हा निम्म्या सभासदांना बोक्याबद्दल आपुलकी वाटू लागली. काकू म्हणत होत्या, "अहो, त्याला काहीतरी होतंय." अप्पांचं उत्तर ठरलेलं: "होत काही नाही. हे हेतुपुरस्सर आहे."

इथे अप्पा एकटे नाहीत. शिस्तीच्या माणसाला अपघात ही कल्पनाच मान्य नसते; जिथे ओल आहे तिथे कसूरदार असलाच पाहिजे. मांजर सूड म्हणून मुततं असं मानणारी भली भली माणसं मी पाहिली आहेत. अप्पांनी तर बोक्याला खुर्चीजवळ नेऊन त्याचं नाक गादीला लावलं आणि रीतसर समज दिली. मांजराला अशा समजेतून एवढंच समजतं की हा माणूस धोक्याचा आहे. भ्यालेलं मांजर आणखी आडोशाला, आणखी मऊ जागी मुततं. समज दिली त्याच रात्री अप्पांचं पांघरूण गेलं.

मग आले उपाय. फिनेल, डांबराच्या गोळ्या, लिंबाच्या साली, शेवटी तिखट. शेजारच्या आजींनी धूप घालायला सांगितला, तोही घातला. घराला सरकारी दवाखान्याचा वास येऊ लागला आणि बोका पुन्हा त्याच जागी. फिनेल आपल्या नाकाला स्वच्छ वाटतं, मांजराच्या नाकाला खालचा मूळ वास तस्साच येत राहतो. शिवाय काळ्या फिनेलमधली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला पचत नाहीत आणि डांबराची गोळीही त्याला विषच. वाळवंटी रानमांजराचा हा वंशज. पाणी कमी पिऊन लघवी दाट करणं त्याला पिढीजात जमतं. बोक्याच्या लघवीत तर फेलिनिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. ते फुटलं की तो जगप्रसिद्ध दर्प सुटतो आणि पावसाळी दमट हवेत पुसलेल्या जागेतूनही पुन्हा उठतो. जून लागला आणि अप्पांच्या दारावरून जाताना आम्ही श्वास रोखू लागलो.

शेवटी काकूंनीच बोक्याला पिशवीत घालून पशुवैद्याकडे नेलं. अप्पा सोबत गेले ते तक्रारदार म्हणून. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. अप्पांचं निवेदन मध्येच तोडून त्यांनी विचारलं, "उभ्या पृष्ठभागावर करतो की आडव्या?"

अप्पा थबकले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी तांत्रिक प्रश्न विचारला होता. मागे सरकून, शेपूट थरथरवत भिंतीवर फवारा मारला तर ती हद्द आखणं, आणि नसबंदी न केलेल्या बोक्यात ते जास्त. खाली बसून आडव्या जागी केलं तर एक तर लघवीच्या मार्गात दुखणं, नाही तर शी-शूच्या पेटीबद्दल गाऱ्हाणं. "आडव्या," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा सूर बदलला. लघवी तपासली. खडे नव्हते, जंतू नव्हते, पण मूत्राशयाला सूज होती. बाईंनी सांगितलं की मांजरांत ही सूज बऱ्याचदा ताणाने येते. मग विचारलं, "पेटी कुठे ठेवलीये?"

पेटी होती मागच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या पलीकडे. जायला एकच चिंचोळी वाट. त्या वाटेच्या तोंडाशी कोयना झोपायची. ती दुष्ट नाही. लॅब्रेडोरला मांजराची शी खाऊ वाटते, म्हणून ती आशेने बसून असायची. भीमा मात्र बोका परतताना कोपऱ्यात गाठून भुंकायचा. वर पेटीला झाकण होतं आणि आत लॅव्हेंडरच्या वासाचं लिटर, म्हणजे लघवी शोषणारा थर, कारण घरच्यांना वास नको होता. थोडक्यात, एकाच दाराची अंधारी सुगंधी कोठडी, बाहेर दोन पहारेकरी आणि आत गेल्यावर मशीन फिरू लागायचं.

"म्हणजे निचऱ्याची वाट अडलेली आहे," अप्पा म्हणाले.

त्या क्षणी प्रकरण शिस्तभंगातून निघालं आणि स्थापत्यात गेलं. माझं मत असं की अप्पांना सजीव प्राणी कळत नाहीत, निचरा कळतो; आणि बोक्याच्या नशिबाने त्याची अडचण निचऱ्याचीच निघाली.

आधी सर्वेक्षण. लघवीचे डाग अंधारात अतिनील प्रकाशाखाली चमकतात, हे वाचून त्यांनी तसा टॉर्च मागवला. रात्री दिवे मालवून घरभर जांभळा उजेड फिरू लागला, तेव्हा समोरच्या इमारतीतून वॉचमनला फोन गेला. सकाळी आलेख कागदावर घराचा नकाशा तयार. बोक्याच्या सगळ्या जागा खोलीच्या अशा भागात होत्या जिथून दोन्हीकडे नजर जाते आणि दोन्हीकडे पळता येतं. बिचारा इतके दिवस घराला सोयीची मुतारी आखून दाखवत होता. पण नकाशावर एक डाग हिशेबात बसेना. सोफ्याच्या मागच्या पायावर, जमिनीपासून फूटभर उंच. इतक्या उंचीवर पाय वर करून कोण करतं, हे सांगायला अभियंता लागत नाही. भीमाने अप्पांकडे बघितलं, शेपूट हलवली, सांगितल्यावर बसला. अप्पांनी त्या डागाशेजारी पेन्सिलीने लिहिलं: 'एक वेळ, परिस्थितीजन्य.' नाक कोणाचंही घासलं नाही.

मग काम निघालं. एका मांजराला दोन पेट्या, म्हणजे मांजरांपेक्षा एक जास्त, हा जगभर सांगितला जाणारा नियम. अप्पांनी राखीव म्हणून तिसरी घातली. पेट्या उघड्या, बोक्याच्या लांबीच्या दीडपट आणि वेगवेगळ्या खोल्यांत. एक काकूंच्या शिवणयंत्राजवळ आली, त्यावर दोन दिवस घरात अबोला होता. लिटर बिनवासाचं, मातीचं. इथे त्यांनी इतिहासही काढला: अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९४७ साली एडवर्ड लो नावाच्या माणसाने शेजारणीला मांजरासाठी राखेऐवजी पाणी शोषणारी माती दिली आणि त्यातून लिटरचा धंदा उभा राहिला. ती माती आपल्या मुलतानी मातीच्या जातीची, हे कळल्यावर अप्पांनी काकूंच्या सौंदर्यप्रसाधनांच्या कपाटाकडे पाहिलं. काकूंनी कपाटाला कुलूप लावलं.

जुन्या डागांवर फिनेलऐवजी एंझाइमचं द्रावण आलं. ते वास झाकत नाही, वासाचं मूळच तोडतं. खुर्चीची गादी त्यात रात्रभर भिजत ठेवली. ब्लीच ओतण्याचा मोह एकदा झाला, पण लघवीतल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की विषारी वायू सुटतो, हे त्यांना पटलं. ओलं खाणं आणि दोन-तीन ठिकाणी पाण्याची भांडी सुरू झाली. मूत्राशयाची सूज असताना पाणी जास्त जाणं बरं, यावर पाटबंधारेवाल्याची हरकत असण्याचं कारणच नव्हतं.

पण खरं वैभव म्हणजे बायपास. बैठकीच्या भिंतीवर, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, अप्पांनी फळ्यांची मालिका ठोकली. बोका दिवाणखान्यातून शिवणयंत्राच्या खोलीपर्यंत जमिनीला पाय न लावता जातो. त्या खोलीच्या दारात लहान मुलांसाठी मिळतं तसं जाळीचं फाटक. खालच्या फटीतून बोका जातो, कोयनाचं फक्त डोकं जातं. दुसऱ्या टोकाला खिडकीजवळ उतरायला आणखी एक फळी. "प्रत्येक धरणाला सांडवा लागतो," अप्पा म्हणाले. "जाणाऱ्याला बाहेर पडायची दुसरी वाट नसेल तर दाब वाढतो." हे वाक्य ते सोसायटीच्या सभेतही वापरतात, निराळ्या संदर्भात.

गुण एका दिवसात आला नाही. मधे एकदा पायपुसणं गेलं. अप्पांनी तारीख टिपली, कारण शोधलं (त्या दिवशी रंगारी आले होते) आणि बोक्याला काही म्हटलं नाही. हळूहळू नकाशावर नवे डाग पडेनासे झाले. बोका फळीवर बसून खाली कुत्र्यांकडे बघतो, कुत्री वर बघतात, आणि अप्पा खुर्चीत बसून तिघांकडे बघतात. मुलीला जर्मनीत घर मिळून बरेच महिने झाले. बोक्याचा विषय निघाला की अप्पा म्हणतात, "जानेवारीनंतर बघू, फळ्यांना अजून पॉलिश व्हायचंय."

आता कोथरूडच काय, कर्वेनगरपर्यंत कोणाचं मांजर गादीवर मुतलं की अप्पांना बोलावणं येतं. ते टॉर्च, मोजपट्टी आणि आलेख कागद घेऊन जातात, पैसे घेत नाहीत, चहा दोनदा घेतात आणि यजमानाला त्याच्या घरातल्या गळतीबद्दलही चार गोष्टी सांगून येतात. सल्ला पक्का असतो, जरूर बोलवा. मात्र तुमचा बोका पेटीत पुन्हापुन्हा जाऊन कुंथत असेल, ओरडत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर अप्पांना फोन करू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर बोका दोन-तीन दिवसांत जातो. थेट पशुवैद्याकडे पळा, रात्र असली तरी. अप्पा सुरुवात वाळवंटातल्या रानमांजरापासून करतात.