मोक्षाचं ऑडिट

निवृत्तीनंतर मोक्षाची घाई झालेला माणूस प्रत्येक सोसायटीत एखादा असतोच. आमचे काका ए. जी. ऑफिसातून निवृत्त झालेले, त्यामुळे ते मोक्षालाही व्हाउचर मागतात. लाखोंचं आयुष्य बदलणाऱ्या कादंबरीने आपलंही बदलावं, तेही शेवटच्या पानाच्या आत, एवढीच त्यांची माफक अपेक्षा. आजवर एकाही पुस्तकाने हे काम मुदतीत केलेलं नाही.

सुरुवात फेरारी विकणाऱ्या संन्याशापासून झाली. रॉबिन शर्मांचा वकील हिमालयात पोचेपर्यंत काका खूश होते. मग योगी रमणची गोष्ट आली. त्यात बाग, बागेत दीपगृह, आणि दीपगृहातून बाहेर येणारा नऊ फुटी, नऊशे पौंडी सुमो पैलवान. अंगावर फक्त गुलाबी वायर. काकांनी समासात पेन्सिलीने ‘४०८ किलो’ असा हिशोब मांडला आणि खाली लिहिलं, ‘हिमालयात जपानी पैलवान कोणत्या आदेशान्वये?’

पण वर्मी घाव घातला तो पाउलो कोएलोच्या ‘द अल्केमिस्ट’ने. विश्व मदतीला धावतं हे त्यातलं सूत्र त्यांना ओळखीचं वाटलं. कोएलोने ते शाहरुख खानच्या ‘ओम शांती ओम’मधून उचललं असणार, असा त्यांचा पहिला आक्षेप. सिनेमा २००७चा आणि पुस्तक १९८८चं, हे नातीने सांगितल्यावर तो पॅरा त्यांनी ड्रॉप केला. ऑडिटवाल्याने पॅरा ड्रॉप करणं म्हणजे काय, हे सरकारी नोकरी केलेल्यांनाच कळेल.

मग बाकीची तपासणी झाली. अंदालुसियाचा मेंढपाळ सान्तियागो, मेंढ्या साठ. एक म्हातारा राजा भेटतो आणि खजिन्याबद्दल सल्ला देण्याचे त्यातल्या सहा मेंढ्या घेतो. ‘दहा टक्के! काम व्हायच्या आधी!’ काका कळवळले. असले दहा टक्के पकडण्यात त्यांची हयात गेली होती. बाकी मेंढ्या विकून पोरगं टॅंजिअरला उतरतं आणि लगेच लुबाडलं जातं. पुढे वर्षभर काचसामानाच्या दुकानात नोकरी, मग वाळवंट, टोळीयुद्ध. इजिप्तमध्ये पिरॅमिडपाशी खणताना चोर त्याला बडवतात आणि त्यांच्यातलाच एक बोलता बोलता सांगून जातो की स्पेनमधल्या पडक्या चर्चमध्ये झाडाखाली खजिना पुरल्याचं स्वप्न मला पडलं होतं. म्हणजे पहिल्या पानावर हा मेंढ्या घेऊन जिथे झोपला होता, तिथेच!

काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “काखेत कळसा आणि गावाला वळसा. एवढ्यासाठी चारशे रुपये?”

काका तेव्हापासून खचलेत. त्यात नातीने भर घातली, की असंच एक बगदादचं स्वप्न आणि कैरोचा फेरा तेराव्या शतकातल्या रूमीच्या ‘मसनवी’तही आहे. “दुबार देयक!” काका ओरडले. ब्राझीलमधल्या पहिल्या प्रकाशकाने अवघ्या नऊशे प्रती छापून हात आखडता घेतला होता, हे कळल्यावर त्या अनामिक गृहस्थाबद्दल त्यांच्या मनात जो आदर दाटून आला, तो मी कुठल्याही संताबद्दल पाहिलेला नाही. संपूर्ण पुस्तकात एकच गोष्ट त्यांना नियमाला धरून वाटली. किमयागार मठात थोडं सोनं ठेवून जातो, ते पोराच्या परतीच्या प्रवासखर्चाची तरतूद म्हणून.

आता यात गंमत अशी, की पुस्तक संपलं त्या पहाटे काका चष्मा काढून गॅलरीत उभे होते. काही होतंय का, ते बघत. माझ्या मते या जातीचा वाचक दिसतो तेवढा खवट नसतो. तो खरोखर वाट बघत असतो. तेवढ्यात बेल वाजली. “विश्व आलंय,” काकू आतून म्हणाल्या, “दुधाचे पैसे द्या.”

गेल्या आठवड्यात काकांनी फाउंटनच्या फुटपाथवरून जेम्स रेडफिल्डची ‘द सेलेस्टाइन प्रॉफेसी’ आणली. पेरूमधलं प्राचीन हस्तलिखित आणि नऊ साक्षात्कार, तेही ओळीने. अनुक्रमांक पाहूनच काकांचा चेहरा उजळला. “बघ, याला म्हणतात पद्धतशीर काम.” दहावा साक्षात्कार पुढच्या पुस्तकात आहे आणि त्याची किंमत वेगळी पडेल, असं मी सांगितलं. काकांनी काही न बोलता पेन्सिलीला टोक काढलं.