लोबानबाबाचा चेला

सकाळी सहाला नागझिरा अभयारण्याच्या चोरखमारा गेटवर जो खाकीतला माणूस जिप्सीतल्या पाहुण्यांना "आवाज करू नका" म्हणून दटावतो, तोच संध्याकाळी पाचला धानाच्या बांधीत उभा राहून तीन गावांना ऐकू जाईल असा ओरडतो. सकाळी गाईड, संध्याकाळी कोच. मधल्या वेळात तो कोण असतो, ते त्याच्या बायकोला विचारावं. ती एका शब्दात सांगते, पण तो छापण्यासारखा नाही.

असा फुटबॉलचा कोच गावोगावी सापडतो. खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द एका वाक्यात मावते आणि ते वाक्य सांगायला त्याला दोन तास लागतात. आमच्या कोचभाऊचं वाक्य असं : गोंदियाच्या एका सामन्यात त्यानं कॉर्नरवरून थेट गोल मारला. चेंडू सागाच्या वाळक्या पानासारखा गिरक्या घेत जाळीत पडला. समोरचा गोलकीपर नेमका तेव्हा खर्रा थुंकायला वळला होता, असं काही नतद्रष्ट लोक सांगतात. त्या कॉर्नरचं अंतर दरवर्षी थोडं वाढतं. सध्या तो चेंडू तिरोड्याहून मारलेला आहे. पुढं गुडघा गेला. "नाही तं..." एवढंच म्हणून तो झाडांच्या शेंड्यांकडे बघत बसतो. हे "नाही तं" ज्याला नीट म्हणता येतं, तो कोच होतो.

त्याला व्हालेरी लोबानोव्स्कीची गोष्ट मी सांगितली, ही चूक माझीच. युक्रेनच्या कीव्हचा हा डावा विंगर, कॉर्नरवरून थेट गोल मारण्याबद्दल प्रसिद्ध. त्याच्या त्या किकला लोक 'वाळकं पान'च म्हणत. तिशीच्या आत खेळणं थांबवून तो प्रशिक्षक झाला, शास्त्रज्ञाला हाताशी धरून खेळाची गणितं संगणकावर मांडू लागला आणि डायनामो कीव्हला १९७५ आणि १९८६ साली युरोपातला कप विनर्स कप जिंकून दिला. कोचभाऊ डोळे विस्फारून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हे तं माजीच गोस्ट हाये!"

'ळ'ला 'र' म्हणणाऱ्या आमच्या झाडीपट्टीत 'लोबानोव्स्की' टिकणं शक्यच नव्हतं. त्याचा लोबानबाबा झाला. मोबाईलवरून छापून घेतलेला त्याचा फोटो आता घरात आहे आणि दर गुरुवारी त्याच्यासमोर खराच लोबान जळतो.

लोबानबाबाचे गडी चेंडू गेला की मागे पळत नसत, तिघं-चौघं मिळून चेंडूवाल्याची कोंडी करत. हे ऐकून कोचभाऊ तुच्छतेनं हसला. "यासाठी संगनक कायले पायजे? रानकुत्रे पाहा ना!" तेव्हापासून नागझिऱ्यात वाघ बघायला आलेल्यांचे हाल सुरू झाले. "वाघ एकटाच खेरते. दिवसभर झोपते. टीम पाहाची असन तं कुत्रे पाहा. ते पांगले का शिट्टी वाजवून एका जागी येतात." रानकुत्री खरंच शिट्टी वाजवतात. पाहुणे मान डोलावतात आणि विचारतात, "वाघ कधी दिसेल?"

लोबानबाबाकडे संगणक होता, कोचभाऊकडे पंचांग आहे. मार्च-एप्रिलात बचावफळी पहाटेच मोहफुलं वेचायला जाते. मेमध्ये मधली फळी तेंदूपत्त्यावर. जुलैत अख्खी टीम रोवणीत आणि मैदानही पाण्याखाली. दिवाळीनंतर मंडई आणि रात्रभर नाटक, त्यात गोलकीपर खलनायक. धान कापून बांधी रिकामी झाली की खेळाला जेमतेम दोन-अडीच महिने. अकरा पोट्टे एका संध्याकाळी मोकळे सापडले, तर तो ते कप जिंकल्यासारखं सांगतो.

नागपूरच्या फुटबॉल-कोच विजय बारसे सरांवरचा 'झुंड' सिनेमा २०२२ मध्ये आला, तेव्हा तो साकोलीला जाऊन बघून आला. मत विचारलं तर म्हणाला, "बच्चन बरा हाये. पन शिट्टी शिकाले माह्याकडं याले पायजे होता."

लोबानबाबा २००२ साली गेला. पुढच्या वर्षी त्याचा शिष्य शेवचेन्को चॅम्पियन्स लीगचं पदक घेऊन त्याच्या समाधीवर गेला. नंतर तोही प्रशिक्षक झाला आणि २०२१ मध्ये युक्रेनला युरोच्या उपांत्यपूर्व फेरीत घेऊन गेला. हे ऐकवताना कोचभाऊचा गळा भरून आला. पोट्टेही गहिवरले. "भाऊ, तुमी मेले का आमीबी मेडल आनू."

"आधी मेडल आना बे, मंग माह्या मरनाचं पाहू!"

परवा सामना झाला. लोबानबाबा बाकावर बसून पुढे-मागे डोलत असे. कोचभाऊच्या प्लास्टिक खुर्चीचा एक पाय धसकटात रुतलेला, त्यामुळे ती आपोआप डोलते. चेंडू धुऱ्याकडे गेला आणि शिकवल्याप्रमाणे सगळे चेंडूवाल्यावर तुटून पडले. सगळे म्हणजे गोलकीपरसुद्धा. रिकाम्या गोलात चेंडू रमतगमत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या जिप्सीत होतो. तळ्याच्या काठी रानकुत्र्यांनी एका चितळाला घेरलं. सगळी एकाच बाजूनं धावली, दुसरी बाजू मोकळी सुटली आणि चितळ तिथून निसटलं. जिप्सीत कोणी श्वासही घेत नव्हतं. तेवढ्यात कोचभाऊ ताडकन उभा राहिला.

"अबे, मांगं कोन थांबन!"

जंगल दणाणलं. कुत्री पसार झाली. मागच्या सीटवरच्या आजींनी ओठांवर बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आवाज करू नका."