परतीचं भाडं

तेहतीस वर्षं मी भूगोल शिकवला. ट्रिस्टन दा कुन्हा हे जगातलं सर्वांत एकाकी वस्तीचं बेट, त्याला सगळ्यात जवळचा शेजार सेंट हेलेनाचा, आणि तोही सुमारे 2,400 किलोमीटरवर, हे मी नववीच्या वर्गात अशा थाटात सांगायचो की मुलांना वाटे, सर परवाच जाऊन आले. एकाने विचारलंही, "सर, तिथे जेवायला काय मिळतं?" मी डोळा न लववता म्हणालो, "बटाटे." ते खरंही आहे. फक्त मला ते पुस्तकातून कळलेलं होतं. माझ्या स्वतःच्या जगाची दक्षिण सीमा कोल्हापूर आणि उत्तर सीमा उदवाडा. उदवाड्याला एकदा बोई मासा खायला गेलो होतो. काटा अडकला म्हणून लवकर परतलो.

राहायला मी अच्छाडला. महाराष्ट्र संपतो तिथे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आमच्यापुढे गुजरात, मागे तलासरी, आणि मध्ये नाका. उंबरगाव तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. 1 मे 1960 ला त्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि भिलाडची आमची आत्या ओट्यावरची मांडी न मोडता परराज्यात पोचली. आमच्या घराण्यातला तो सगळ्यात मोठा प्रवास. पुढे आत्या कोणी मुंबईहून आलं की विचारायची, "तुमच्या राज्यात पाऊस कसा आहे?"

निवृत्तीनंतर मला प्रवासी मासिकांचं व्यसन लागलं. वापीच्या एका रद्दीवाल्याकडे ती किलोवर मिळतात. गुळगुळीत कागद, निळं पाणी, त्या पाण्यात पाय सोडून बसलेली बाई. आणि क्रमवारी! कोंडे नास्ट ट्रॅव्हलर हे मासिक अमेरिकेत 1987 मध्ये निघालं आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी वाचकांच्या पसंतीचे पुरस्कार सुरू केले. वाचक गुण देतात, बेरीज होते, सरासरी निघते, आणि कुठलं तरी बेट कुठल्या तरी बेटाला दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर हरवतं. दहावीच्या पेपरांना गुण देऊन हात मोडलेल्या माणसाला याचं केवढं अप्रूप! अर्ध्या गुणासाठी माझ्याकडे पालक यायचे, इथे अख्खी बेटं ताटकळत होती. मीही हिला रात्री जेवताना निकाल वाचून दाखवायचो. "अगं, मालदीव घसरलं." ती म्हणायची, "दूधही नासलंय."

तर दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. ते माझे जुने विद्यार्थी. त्यांना 'वाचकांची पसंती : दूरची आवडती दहा ठिकाणं' असं काहीतरी हवं होतं. "सर, तुमचा भूगोल पक्का. वीस-पंचवीस प्रवास केलेल्या लोकांना विचारा आणि क्रम लावा. शास्त्रशुद्ध हवं." शास्त्रशुद्ध हा शब्द ऐकला की मी विरघळतो. त्याच रात्री पाच पानी प्रश्नावली केली. स्वच्छता, निसर्ग, आतिथ्य, खाद्यसंस्कृती, पुन्हा जाण्याची इच्छा. प्रत्येकी दहा गुण. 'पुन्हा जाण्याची इच्छा' या प्रश्नाला तीन उपप्रश्न.

आता प्रवास केलेले वीस-पंचवीस लोक आणायचे कुठून? माझ्या ओळखीत सिंगापूरला जाऊन आलेले दोघं, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाक्यावर जाऊन उभे राहा की. अख्खा देश तिथे ब्रेक दाबतो."

तेहतीस वर्षं मी नकाशा भिंतीवर टांगत होतो आणि तो रोज घरापासून दोनशे मीटरवर चाकांवरून जात होता. हे मला सुचायला हवं होतं. सुचलं हिला, म्हणून मी अर्धा दिवस 'बघतो' एवढंच म्हणालो.

ऑगस्टातल्या एका सकाळी निघालो. पांढरा शर्ट, बगलेत छत्री, हातात क्लिप लावलेली पाटी, खांद्याला पिशवीत चार डझन चिकू. प्रत्येक उत्तरदात्याला दोन चिकू, असा माझा बेत होता. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि मूळचा हा गडी मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचा, म्हणजे दूरच्या प्रवासाच्या पाहणीला याहून योग्य फळ नाही. फक्त पावसाळ्यातला चिकू फिक्का असतो हे मी हिशेबात धरलं नव्हतं. पाकीट घरीच ठेवलं. दोनशे मीटरसाठी पाकीट कशाला? शर्टाच्या खिशात हिने दुधासाठी दिलेले पस्तीस रुपये तेवढे होते.

पांढरा शर्ट आणि पाटी घेऊन नाक्याजवळ उभं राहणाऱ्या माणसाकडे ड्रायव्हर कोणत्या नजरेने बघतात, हे मला पहिल्या पाच मिनिटांत समजलं. मी जवळ जाताच पहिल्याने पट्टा बांधला. दुसऱ्याने काही न विचारता प्लास्टिकची फाईल खिडकीतून माझ्या हातात दिली. मी म्हणालो, "ते नको, आपलं आवडतं ठिकाण सांगा." तो घाबरून म्हणाला, "साहेब, इन्शुरन्स चालू आहे." तिसऱ्याच्या क्लीनरने मला पाहिलं आणि तो ताडपत्रीचा दोर घट्ट करायला गाडीवर जो चढला तो मी जाईपर्यंत उतरलाच नाही.

मग मी पाटी पिशवीत घातली, चिकू पुढे केले, आणि लोक बोलू लागले.

हा भाग मला मनापासून सांगायचाय, कारण माझी प्रश्नावली इथेच वाहून गेली. किशनगडचा संगमरवर नेणारा एक म्हातारा सहा वेळा आग्र्याला गेला होता. मी वही सरसावली. "ताजमहाल?" तो म्हणाला, "बुटांचे खोके भरायला जातो." एकाने सोपोरच्या मंडीतून सफरचंदं आणली होती. दल सरोवर कसं वाटलं, या प्रश्नावर तो बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, "त्या वेळी मी गाडीखाली झोपलो असेन." कन्याकुमारीला एकाने दहापैकी दोन गुण दिले. मी हबकलो. तीन समुद्र, सूर्योदय, सूर्यास्त! तो म्हणाला, "पुढे रस्ताच नाही, आणि तिथून परतीचं भाडं मिळत नाही."

परतीचं भाडं. तासाभरात हा शब्द मी इतक्या तोंडांतून ऐकला की शेवटी स्वच्छता, आतिथ्य सगळं खोडलं. गाडी भरून कुठेही जाता येतं हो. तिथून रिकामी आणावी लागली की डिझेल आपल्या खिशातून जळतं. ज्या गावाहून परतीचा माल मिळतो ते गाव सुंदर. त्यातही पाण्याचा नळ आणि लिंबाचं झाड असेल तर रमणीय. या हिशेबाने माझ्या पाहणीत पहिलं आलं लुधियाना. सायकली, स्वेटर, यंत्रांचे सुटे भाग. गाडी रिकामी म्हणून निघतच नाही. 'घर' हे उत्तर मात्र एकानेही दिलं नाही. मी एकदोघांना सुचवूनही पाहिलं. ते हसले. घरचे लोक खर्च सांगतात म्हणे.

एव्हाना पावसाने जोर धरला. रांगेतल्या एका लांबलचक गाडीच्या ड्रायव्हरने दार उघडून वर यायची खूण केली. नामक्कलचा होता. तमिळनाडूतलं ते गाव ट्रकांसाठी आणि अंड्यांसाठी प्रसिद्ध, हे मी आठवीला शिकवलंय. मी वर चढलो, छत्री मिटली आणि माझ्या खास हिंदीत विचारलं, "आपको दूर कहाँ अच्छा लगता है?"

त्याची हिंदी माझ्या हिंदीच्याच तालमीतली असावी. त्याने त्यातला 'दूर' तेवढा घेतला. "दूर? बैठो."

मी बसलो. तो बोलत होता, मी लिहीत होतो, मध्येच गाडी पुढे सरकत होती. रांगेतली गाडी सरकणारच. सातव्या प्रश्नावर मान वर केली तर खिडकीतून पाट्या गुजरातीत दिसल्या. भिलाड गेलं. मी ओरडलो, "रोको, रोको, घर पीछे!" तो समजूतदारपणे म्हणाला, "दूर, दूर," आणि गिअर टाकला. नंतर माझ्या ध्यानात आलं, त्याच्या मते मी लिफ्ट मागणारा प्रवासी होतो, आणि मी इतके प्रश्न विचारत होतो कारण मला कुठे जायचंय हे माझं मलाच नक्की ठाऊक नव्हतं. माणूस पारखण्यात तो माझ्यापेक्षा पुढे होता.

दमणगंगा ओलांडली. मी सवयीने म्हणालो, "दमणगंगा." त्याने मान डोलावली. वापी गेली. कोलक आली, मी तिचंही नाव सांगितलं. त्याला वाटलं, मी उतरायचं ठिकाण सांगतोय. त्याने वेग कमी केला. आणि मी गप्प बसलो.

हिला अजून हे सांगितलेलं नाही. बगवाड्याच्या टोलनाक्यावर गाडी चक्क थांबली होती. दार माझ्याच बाजूला होतं. उतरून, रस्ता ओलांडून, कुणाच्याही हातापाया पडून तासाभरात घरी पोचलो असतो. पण एवढ्या उंचावरून मी जग कधी पाहिलं नव्हतं. काचेवरचा पाऊस, समोरचा लिंबू-मिरचीचा झोका, डॅशबोर्डवरचा मुरुगन, आणि उदवाड्याचा फाटा मागे पडताना माझी उत्तर सीमा फुटल्याचा तो आवाज. तो बहुधा सायलेन्सरचा होता. मी मांडी घालून बसलो.

पारडीला फोन वाजला. चार टक्के बॅटरी.

"अहो, कुठे आहात?"

"पारडी."

"कोणाकडे?"

याला उत्तर नव्हतं. "एका तमिळ गृहस्थांकडे," मी म्हणालो.

"दूध?"

आणि फोन मेला. फोनवरून पैसे पाठवायची विद्या मुलीने मला तीनदा शिकवलीय. आता ती वापरायला फोनही उरला नाही.

पार नदी, अतुल, आणि वलसाडच्या धरमपूर चौकडीवर गाडी उभी राहिली. नामक्कलकराने हात पुढे केला. मी तो भारावून हातात घेतला. "पचास," तो म्हणाला. दुधाचे पस्तीस रुपये दिले. उरलेल्या पंधराबद्दल पिशवीतले आठ चिकू. त्याने एक चाखला, तोंड वाकडं केलं आणि सात परत दिले.

गोडसे भटजी 1857 साली दक्षिणेच्या आशेने वरसईहून निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' 1907 मध्ये छापला गेला. त्या माणसाने तलवारी, तोफा, लूटमार यांतून वाट काढत आईवडिलांसाठी गंगेची कावड घरी आणली. वलसाडच्या चौकडीवर पावसात उभा असताना मला त्यांची फार आठवण आली. माझ्याकडे सात चिकू होते.

दोन तास दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांना हात केला. पांढरा शर्ट चिखलाने तांबडा झाल्यावरच एक गाडी थांबली. तोपर्यंत मी साहेब दिसत असणार. ड्रायव्हर पाथर्डीचा, मोरबीच्या टाईल्स घेऊन भिवंडीला निघालेला. मराठी ऐकताच माझा कंठ दाटून आला. सगळी हकीकत सांगितली. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. "गुरुजी, म्हणजे तुम्ही माझं परतीचं भाडं!"

"पण माझ्याकडे भाडं नाही."

"मग वजन," तो म्हणाला. "टाईल्सवर बसा, फुटू देऊ नका." बसवलं मात्र त्याने केबिनमध्येच. पूर्ण रस्ताभर मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. त्यानेच आपणहून सांगितलं की त्याला दूरचं सगळ्यात आवडलेलं गाव म्हणजे दिमापूर, कारण तिथे दहा दिवस गाडी अडकली होती आणि एका म्हातारीने रोज भात दिला. म्हातारी काय बोलायची ते त्याला एक अक्षर कळलं नाही. मी ते भिजलेल्या प्रश्नावलीच्या पाठीवर लिहून घेतलं. शाई पसरली, पण दिमापूर वाचता येतं.

घरी रात्री साडेनऊला. हिने दार उघडलं, आधी माझ्याकडे, मग माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, आणि कोरा चहा पुढे ठेवला.

यादी मी संपादकांना पाठवली. दुसऱ्या दिवशी फोन. "सर, पहिलं लुधियाना? दिवाळी अंकात? आणि हे 'नळ' सदर काय आहे?" मी शास्त्रशुद्धतेवर दहा मिनिटं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मानधनाचा आकडा सांगितला. मी बालीला पहिलं केलं. लुधियानाला दहावंही ठेवलं नाही. दिमापूर मात्र सहाव्या क्रमांकावर घुसवलं, आणि कारण विचारल्यावर 'आतिथ्य' असं छापील उत्तर दिलं. अंकात लेखाबरोबर बालीच्या भातखाचरांचा पानभर रंगीत फोटो आला. आमच्याकडे कामाला येणारी बाई तो बघून म्हणाली, "हा आमचा सुत्रकारचा माळ ना? फोटो काढायला कोण आलेलं?"

परवा सकाळी दूध घेऊन नाक्यावरून येत होतो. रांगेतून लांब हॉर्न वाजला. वर पाहिलं तर खिडकीत तोच मुरुगन, तोच लिंबू-मिरचीचा झोका, आणि नामक्कलकर अर्धा बाहेर वाकून हात हलवत होता.

"मास्टर! दूर?"

मी छत्री उघडून चेहऱ्यापुढे धरली. पाऊस नव्हता.