नाना आणि आतली मंडळी

नानांना जेवायला बोलावताना विचार करावा लागतो, कारण ते एकटे येत नाहीत. आतड्यातले अदमासे ३८ लाख कोटी जिवाणू सोबत असतात. "वहिनी, पनीर फक्कड झालंय हो, पण आमच्या आतल्या मंडळींना यात काही नाही," म्हणत नाना खिशातून इसबगोलाची पुडी काढतात आणि पेल्यात ढवळतात. त्याची खळ होईपर्यंत सगळ्यांचे हात ताटावर अडकलेले.

वाद घालायची सोय नाही, कारण नाना सांगतात ते बरंचसं खरं असतं. इसबगोल आतड्यातलं पित्त धरून बाहेर नेतं, मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ साली हृदयाच्या बाबतीत त्याला मान्यता दिली, हेही त्यांना पाठ. फक्त घरातली नाचणीची भाकरी त्यांच्या घशाखाली उतरत नाही. तिच्यावर ग्रॅम छापलेले नसतात ना!

शेजारी ऑम्लेटचा वास आला की नाना दार वाजवतात. बलकातल्या कोलीनपासून जिवाणू एक वायू करतात, यकृत त्याचं टीएमएओ बनवतं आणि ते हृदयाला घातक, असं क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी २०११ साली मांडलंय म्हणे. समुद्रातल्या मासळीत टीएमएओ तयारच असतं, हे कुणी सुचवलं तर नाना ऐकू न आल्यासारखं करतात. मूळ गाव मालवण. बांगड्याला नियम लागू नाही.

घरात नानींचा मिसळणाचा डबा त्यांनी बळकावलाय. एका वाटीत अर्जुनसाल, दुसरीत दारुहळद, पुढे लसणाच्या कॅप्सूल, मेथी, जवस. मोहरीची वाटी तेवढी शाबूत, कारण नानी तिथे अडून बसल्या. परवा घाईत एक कॅप्सूल फोडणीत गेली. नानांनी आमटी दोनदा मागून घेतली.

डॉक्टरांनी दिलेलं स्टॅटिन मात्र "केमिकल" म्हणून त्यांनी कधीच बंद केलं होतं. त्याऐवजी 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' लाल यीस्टच्या तांदळाच्या गोळ्या. ती बाटली डॉक्टरांच्या हाती लागली.

"नाना, यातलं मोनॅकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिनच. मी दिलेल्या गोळीचं भावंड. फक्त किती आहे, ते बाटलीवर लिहिलेलं नाही."

नाना क्षणभर गप्प. मग चेहरा उजळला. "म्हणजे मी तुमचं ऐकतच होतो की!"

आता बाटली गेली, गोळी परत आली. बागेतल्या बाकावर विषयही बदललाय: जपानच्या अकिरा एन्डोंनी पहिलं स्टॅटिन बुरशीतून कसं शोधलं. "बुरशी म्हणजे शाकाहारीच," नाना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, "तुम्ही अजून सुरू नाही केलं?"