एकांताची सोय

बहामातल्या लिटिल स्टिरप के या बेटाचे एका जहाज कंपनीने कोकोके असे बारसे केले आणि तिथे प्रवाशांना एकांत मिळावा म्हणून जे कष्ट घेतले, त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. कंपनीच्या 'आयकॉन ऑफ द सीज' या एका जहाजात ७,६०० प्रवासी मावतात. धक्क्याला अशी दोन जहाजे एकाच वेळी लागतात. आता एवढी माणसे वाळूवर ओतल्यावर थोडी दाटी व्हायचीच. म्हणून २०२४ मध्ये दाटीला कंटाळलेल्यांसाठी 'हाइडअवे बीच' काढला. म्हणजे लपायची जागा. फक्त प्रौढांसाठी, जादा पैसे भरून, डीजेच्या ठेक्यावर.

आधी पाय मोडावा, मग कुबडी विकावी; याला म्हणतात ग्राहकसेवा. पुढेमागे लपणाऱ्यांचीच गर्दी झाली, तर आत आणखी एक कुंपण, त्याच्या आत आणखी एक. शेवटच्या कुंपणात एकच खुर्ची. तिची रांग मात्र धक्क्यापर्यंत.

तोवर, सगळे बेटावर उतरल्यावर, परिसरातली सर्वांत निवांत जागा म्हणजे धक्क्याला लागलेले रिकामे जहाज. त्याला अजून वेगळे तिकीट नाही. कृपया कंपनीला कळवू नये.