घरजावई आणण्याची रीत

शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड घरी आणावा असं ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबाच्या मनात आलं, तर आधी एक गैरसमज काढून टाकावा. आपण कुत्रा आणतो आहोत, हा तो गैरसमज. आपण घरजावई आणतो आहोत, आणि तो पेन्शनीत निघालेला आहे.

इथे मुलाकडची माणसंच घर बघायला येतात. कुंपण किती उंच, दिवसभर घरी कोण असतं, मांजर आहे का, असे प्रश्न ग्रेहाउंड दत्तक देणाऱ्या संस्थेचे लोक विचारतात. कांदेपोहे जरूर करावेत, पण माणसांपुरतेच. कांदा कुत्र्याला बाधतो, आणि शिऱ्यातले बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांच्या मुळावर उठतात. जावई उभा राहिला की त्याचं नाक ओट्याला टेकतं, हे ध्यानात ठेवून शिरा उंच फडताळात ठेवावा.

पत्रिका कानात गोंदलेली असते. इथले बहुतेक स्पर्धक कुत्रे जन्माने आयरिश. निवृत्तीचं वय साधारण तीन ते पाच, आयुष्य बारा वर्षांच्या आसपास. वजाबाकी लग्नाआधी करावी. त्या सात-आठ वर्षांत तुमची नोकरी बदलेल, मुलं विद्यापीठात जातील, जावई आहे तिथेच असेल. दिवाळीला पुण्याला जायचं तर विमानाच्या तिकिटाआधी त्याची सोय लावावी लागेल.

त्याने आयुष्यात केलं काय, असं सासूबाई विचारतीलच. १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर यांत्रिक सशामागे कुत्रे धावले, तेव्हापासून ब्रिटनमध्ये ही नोकरी उपलब्ध आहे. ४८० मीटर धावायचं, अर्ध्या मिनिटात पाळी संपली. तेवढ्याचा शीण काढायला उरलेला जन्म पुरत नाही, अशी जावयाची समजूत दिसते, कारण दिवसातले सोळा-अठरा तास तो झोपतो. बरेचदा उताणा, चारही पाय छताकडे. (१९२९ आणि १९३०ची ग्रेहाउंडांची डर्बी शर्यत जिंकणारा मिक द मिलर आज ट्रिंगच्या संग्रहालयात पेंढा भरून उभा आहे. हे आपल्या जावयाला सांगू नये.)

जिन्याचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं. सारं आयुष्य श्वानगृहात गेल्यामुळे जिना, आरसा, काचेचं दार या वस्तू त्याने पाहिलेल्या नसतात. एकाने पुढचे पाय उचलून पायरीवर ठेवावेत, दुसऱ्याने मागून तीस किलोला आधार द्यावा. असा तो वर चढतो. मग वरच राहतो. खाली तुम्ही ताटावर बसलात की जिन्याच्या टोकावरून येणारे उसासे ऐकू येतात, आणि घास घशाखाली उतरत नाही.

साखळी उघड्यावर कधीही सोडू नये. ससा दिसला की तो ताशी साठ किलोमीटरने निघतो, तुमची हाक पोचेपर्यंत शेजारच्या परगण्यात. मान डोक्यापेक्षा जाड असल्याने साधा पट्टा सर्रकन निघतो. ओढलं की आवळणारा रुंद पट्टा घ्यावा. अंगावर चरबी नाही, तेव्हा थंडीत कोट लागतो. तुमच्या कोटापेक्षा तो बहुधा बरा असतो.

एक गोष्ट थट्टेची नाही. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशी मुळातच जास्त असतात, थायरॉइडचा आकडा कमी असतो, आणि भुलीची काही औषधं त्याला जड जातात. ही जात ठाऊक असलेला डॉक्टर आधीच शोधून ठेवावा, नाहीतर धडधाकट जावयावर उपचार सुरू होतील.

वर्षभरात तुम्हाला वाटू लागेल की त्याला एकट्याला करमत नाही. तसं काही नसतं, पण तुम्ही अर्ज कराल. संस्थेची माणसं पुन्हा घर बघायला येतील, तेव्हा त्यांच्यासाठी जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्च्या मांडाव्यात. सोफ्यावर जागा नसेल.